एक चूल, दोन स्वयंपाकी

मराठी चित्रपटातल्या स्वयंपाकघरात आजवर पुष्कळ काही घडले. सासूने सुनेला छळले, सुनेने पदराने डोळे पुसले, सणावाराला पुरणाचा घाट घातला गेला आणि विनोदी नटाने डब्यातला लाडू पळवताना मार खाल्ला. पण दोन माणसे तिथे प्रेमात पडली, असे क्वचितच झाले. प्रेमासाठी आपल्या नायक-नायिकांना कॉलेज लागते, बाग लागते, पाऊस तर हवाच. चुलीपाशी मात्र आई असते. आणि आईच्या देखत प्रेम करायचे कसे?

परदेशी चित्रपटांनी हा संकोच कधीच सोडला. हॉटेलच्या मुदपाकखान्यात घडणारी हलकीफुलकी प्रेमकथा हा तिकडे आता रुळलेला प्रकार आहे. 2001 सालचा ‘मोस्टली मार्था’ हा जर्मन चित्रपट त्यातला नमुनेदार. मार्था हॅम्बुर्गमधल्या एका रेस्टॉरंटची मुख्य स्वयंपाकी. हाताला चव अशी की नाव घ्यावे, आणि स्वभाव असा की पदार्थाला नाव ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाशी बाहेर येऊन भांडावे! तिच्या राज्यात मारिओ नावाचा गाणारा, हसणारा इटालियन स्वयंपाकी येतो आणि ठिणगी पडते. हॉलिवूडने 2007 साली याच कथेवर ‘नो रिझर्वेशन्स’ काढला. या कथांची गंमत पदार्थांत जेवढी, त्याहून अधिक बरोबरीत असते. दोघेही कसबी, दोघेही पगारी, आणि आपल्या कढईत दुसऱ्याने मीठ टाकलेले दोघांनाही खपत नाही. भांडण बरोबरीचे, म्हणून प्रेमही बरोबरीचे.

आपल्याकडे ही बरोबरीच अवघड होऊन बसते. ‘बावर्ची’ (1972) मधला राजेश खन्नाचा रघू एका भांडकुदळ कुटुंबाचा स्वयंपाक करता करता सगळ्यांची मने सांधतो आणि काम झाल्यावर निघून जातो. दुसऱ्यांची प्रेमे जुळवणारा हा आचारी स्वतः मात्र कोरडाच राहतो. ‘चीनी कम’ (2007) मध्ये अमिताभ बच्चन लंडनमधल्या भारतीय रेस्टॉरंटचा चौसष्ट वर्षांचा, कमालीचा गर्विष्ठ मालक आहे. तब्बू त्याच्याकडचा जाफरानी पुलाव गोड लागतो म्हणून परत पाठवते, आणि पुढे स्वतः केलेला पाठवून त्याचा गर्व उतरवते. सामना ती जिंकते. पण पाटी त्याच्या नावाची, नोकरचाकर त्याचे, आणि तिचा पुलाव घरचा. ‘लंचबॉक्स’ (2013) मधली इला नवऱ्यासाठी जीव ओतून डबा करते, तो चुकून निवृत्तीला आलेल्या फर्नांडिस नावाच्या कारकुनाकडे जातो आणि डब्यातल्या चिठ्ठ्यांतून एक हळवे नाते उमलते. वरच्या मजल्यावरून तिला मसाल्याचा सल्ला देणाऱ्या देशपांडे काकू म्हणजे भारती आचरेकर यांचा नुसता आवाज. मुंबईच्या स्वयंपाकघरातल्या या प्रेमकथेत मराठी बाई ऐकू येते, दिसत मात्र नाही, हेही सूचकच म्हणायचे.

मराठीत या वाटेने सर्वांत पुढे गेला तो सचिन कुंडलकर यांचा ‘गुलाबजाम’ (2018). लंडनमधली बँकेची नोकरी सोडून आदित्य (सिद्धार्थ चांदेकर) पुण्यात येतो. त्याला मराठी स्वयंपाक शिकायचा आहे, कारण लंडनमध्ये मराठी पदार्थांचे रेस्टॉरंट काढायचे आहे. गुरू म्हणून त्याला सापडते ती डबे पुरवणारी राधा आगरकर (सोनाली कुलकर्णी). एकटी, तुसडी, जगाशी फटकून असलेली. दोघांच्या नात्याला चित्रपट सरळसोट प्रेमाचे नाव देत नाही, आणि तेच बरे. पण इथे पुरुष शिष्य आहे आणि बाई उस्ताद आहे. तिच्या मेहनतीला ‘मायेचा हात’ म्हणून गुंडाळून ठेवलेले नाही. ती विद्या आहे आणि ती मागावी लागते. आपल्या पडद्यावर ही मोठीच उलथापालथ होती.

असे चित्रपट थोडे का? उत्तर आपल्या भाषेतच आहे. लग्नाच्या पंगती उठवणारा पुरुष तो ‘आचारी’. त्याला सुपारी द्यावी लागते, त्याचा मान ठेवावा लागतो. तेच काम करणारी बाई मात्र ‘पोळ्यावाल्या बाई’ किंवा ‘स्वयंपाकाच्या मावशी’. घरात बाईने बिनपगारी रांधायचे आणि हॉटेलात पुरुषाने पगार घेऊन, अशी आपली जुनी वाटणी. एका चुलीशी दोघे कधी उभेच राहिले नाहीत, तर भांडणार कधी आणि प्रेमात पडणार कधी?

या वाटणीला एक अपवाद आहे, आणि तो रत्नागिरीकरांना परका नाही: खानावळ. इथला माणूस गिरणीत कामाला मुंबईला गेला, की लालबाग-परळच्या खोलीत त्याला पोसले ते खानावळवाल्या बायकांनी. त्या उधारीवर किराणा भरत, जबर व्याज सोसत आणि गिऱ्हाइकाचा पगार झाला की पैसे घेत. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना बँकेची कर्जे मिळवून दिली, तेव्हा कुठे चुलीपाशी बसलेली ही बाई ‘व्यावसायिक’ म्हणून कागदावर आली. 1982 चा गिरणी संप झाला आणि कामगाराबरोबर तिचेही ताट रिकामे झाले. संपावर बरेच लिहिले गेले. त्या ताटाची गोष्ट मात्र कुणाला फारशी आठवत नाही.

आज रत्नागिरीत किंवा गणपतीपुळ्याच्या वाटेवर ‘घरगुती जेवण मिळेल’ अशा पाट्या पावलोपावली दिसतात. आत बहुधा बाई चुलीपाशी आणि नवरा गल्ल्यावर. मिरकरवाड्याहून सकाळी मासळी तो आणतो. सुरमई ताजी की शिळी हे तिने कल्ला उचलून ठरवायचे. सोलकढीत मिरची किती, पंधरा पाने अचानक वाढली तर भात पुरवायचा कसा, पावसाळ्यात मासेमारी बंद झाल्यावर ताटात काय वाढायचे, यावरून रोज खटके उडतात. दोघांचा पैसा एका गल्ल्यात, दोघांची अब्रू एका ताटात. हलक्याफुलक्या प्रेमकथेला याहून आणखी काय हवे? त्यासाठी हॅम्बुर्गला जायला नको.

पण असा चित्रपट निघाला तर त्याने एक पथ्य पाळावे. तिला ‘अन्नपूर्णा’ म्हणून मखरात बसवू नये. ‘घरगुती’ हा शब्द गिऱ्हाइकाला सुखावतो, कारण त्यात आईची चव असते. पण आईला आपण कधी मजुरी दिली नाही, हेही त्याच शब्दात दडलेले असते. स्वयंपाक म्हणजे निव्वळ प्रेम, असे एकदा ठरले की त्याचा दाम मागणारी बाई रुक्ष वाटू लागते. परदेशातल्या मार्थाला प्रेम मिळाले म्हणून तिला आपला पेशा सोडावा लागला नाही. आपल्या खानावळीतल्या नायिकेलाही नायक मिळावा, जरूर मिळावा. मात्र शेवटच्या दृश्यात तो गल्ल्यावरून उठून भांडी घासताना दिसावा, आणि पाटीवर तिचे नाव असावे.