खड्डे शोधणारा मोबाइल

रस्त्यावर खड्डा पडलाय हे महापालिकेला कळवायचं कोणी? अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने 2012 च्या सुमारास हे काम गाडीतल्या मोबाइलवर सोपवलं. महापौर कार्यालयाने ‘स्ट्रीट बम्प’ नावाचं अ‍ॅप आणलं. ते सुरू करून फोन गाडीत ठेवायचा आणि नेहमीच्या रस्त्याने जायचं. तक्रार अर्ज नाही की हेलपाटे नाहीत.

स्मार्टफोनमध्ये त्वरणमापक असतो. सिलिकॉनच्या चिपमध्ये केसाहून बारीक स्प्रिंगांनी तोलून धरलेलं एक सूक्ष्म वजन, एवढीच त्याची करामत. गाडी आदळली की ते हलतं, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं, त्यासरशी विद्युतधारिता बदलते आणि धक्का केवढा होता ते फोनला कळतं. जागा जीपीएस सांगतो.

पण धक्का काय, गतिरोधकानेही बसतो. रुळांनी, पुलाच्या सांध्यांनी, गटाराच्या झाकणांनीही बसतो. शिवाय मोठा खड्डा दिसला की चालक तो चुकवतो, म्हणजे त्याची नोंदच नाही! धक्क्याधक्क्यातला फरक ओळखणाऱ्या सूत्रासाठी 25,000 डॉलरची स्पर्धा ठेवावी लागली. विजेत्यांमध्ये एक गणिताचे प्राध्यापकही होते.

दुसरी अडचण मात्र गणिताच्या हातातली नव्हती. तेव्हा स्मार्टफोन सगळ्यांकडे नव्हते. गरिबांच्या आणि वृद्धांच्या वस्त्यांत तर कमीच. म्हणजे खड्डे बुजणार ते फोनवाल्यांच्या गल्लीतले. संशोधक केट क्रॉफर्ड यांनी 2013 मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं. बॉस्टनने अ‍ॅप सुरुवातीला रस्ते तपासनिसांच्या हाती दिलं होतं, कारण ते शहरभर फिरतात. माझ्या मते या प्रकल्पातलं सर्वांत शहाणं तंत्रज्ञान हेच.

गंमत म्हणजे खड्ड्यांपेक्षा जास्त सापडली ती रस्त्यात खचलेली झाकणं. ती वीज, गॅस, पाणी पुरवणाऱ्या संस्थांची होती. झाकणांचा नकाशा त्यांच्यासमोर ठेवल्यावर हजाराहून अधिक झाकणं दुरुस्त झाली.

आपल्याकडे 2015 च्या स्मार्ट सिटी मिशनमधून 100 शहरांत शहरावर लक्ष ठेवणारे नियंत्रण कक्ष उभे राहिले. पुणे, नागपूर, सोलापूर, ठाणे त्यांतलीच. तिथल्या मोठ्या पडद्यावर खड्ड्यांच्या नकाशात एखादा प्रभाग कोरा दिसला, तर नगरसेवकाला जरूर विचारा: तिथे खड्डे नाहीत, की नोंद करणारं कोणी तिकडे गेलंच नाही?