पडद्यावरून पटावर

मुलांनो, टीव्हीच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरचे खेळ तुम्ही पाहिले असतील. काही जणांनी खेळलेही असतील. बटण दाबले की पडद्यावरचे चित्र पळते, उडी मारते आणि गुण वाढतात. पण तोच खेळ पुठ्ठ्याचा पट, सोंगट्या आणि फासे घेऊन, जमिनीवर गोल बसून खेळता येईल का? हो, येईल! जगात असे अनेक खेळ तयार झाले आहेत. ते कसे तयार होतात, ते आपण पाहू.

खेळ आपले घर बदलतात, ही गोष्ट नवी नाही. पचिशीचेच उदाहरण घ्या. आपल्याकडे कापडाच्या पटावर कवड्या टाकून पचिशी खेळत. फत्तेपूर सिक्रीच्या प्रांगणात फरशीवर आखलेला पचिशीचा मोठा पट आजही पाहायला मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पचिशीवरून इंग्लंडमध्ये लुडो तयार झाला. २०१६ साली नवी मुंबईतील एका कंपनीने ‘लुडो किंग’ हा खेळ मोबाइलवर आणला. २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघरी पोहोचला. खेळ प्रवास करतात, तेव्हा शब्दही सोबत नेतात. बुद्धिबळातील वजीर, प्यादे, शह आणि मात हे शब्द मराठीत आहेत, तसेच तुमच्या उर्दूतही आहेत.

लुडो पटावरून पडद्यावर गेला. आता उलटा प्रवास पाहू.

१९८० साली जपानमधील नामको या कंपनीने ‘पॅकमॅन’ हा व्हिडिओ खेळ काढला. तोरू इवातानी यांनी तो रचला होता. एक गोल, पिवळा पॅकमॅन वाटेतले ठिपके खात पळतो आणि चार भुते त्याचा पाठलाग करतात. १९८२ साली अमेरिकेतील मिल्टन ब्रॅडली या कंपनीने त्याचा पटावरचा खेळ बाजारात आणला. ठिपक्यांच्या जागी गोट्या आल्या. पण एक अडचण होती. पडद्यावरची भुते संगणक चालवतो. पटावर ती कोणी चालवायची? उपाय सोपा निघाला. खेळाडूने दोन फासे टाकायचे. एका दानाने आपला पॅकमॅन चालवायचा आणि दुसऱ्या दानाने भूत दुसऱ्याच्या मागे लावायचे! ज्याच्याकडे जास्त गोट्या, तो जिंकला.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. व्हिडिओ खेळात संगणक चार कामे करतो. तो गुण मोजतो, वेळ राखतो, नशिबाचा भाग ठरवतो आणि नियम पाळायला लावतो. पटावर गुणांसाठी गोट्या किंवा चकत्या असतात. वेळेऐवजी पाळी असते. नशिबासाठी फासे किंवा पत्ते असतात. चौथे काम मात्र खेळाडूंनाच करावे लागते. पडद्यावर नियमाबाहेरची चाल चालताच येत नाही. पटावर ती चालता येते. तरी चालायची नाही. पटावरच्या खेळाची खरी परीक्षा हीच आहे.

काही खेळ आपल्याला विचार करायला लावतात. २०१४ साली पोलंडमध्ये ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा व्हिडिओ खेळ तयार झाला. यात खेळाडू सैनिक नसतो. युद्धात अडकलेली साधी माणसे अन्न, औषध आणि ऊब शोधत असतात. २०१७ मध्ये हा खेळ पटावर आला. त्यात पुढचा प्रसंग संगणक सांगत नाही. खेळाडू सोबतच्या जाड पुस्तकातील क्रमांक शोधून तो मोठ्याने वाचतात. सर्वजण एकाच बाजूने खेळतात. २०२० मध्ये पोलंडच्या सरकारने हा व्हिडिओ खेळ शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेण्याचे जाहीर केले.

असा खेळ तुम्हीही बनवू शकता. पाटणजवळ कोयना आणि केरा या नद्यांचा संगम आहे. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात अतिवृष्टी झाली, दरडी कोसळल्या आणि माणसे दगावली. समजा, पुठ्ठ्यावर तुम्ही नदी, पूल, वस्ती आणि उंचावरची शाळा काढली. पावसाचे पत्ते केले. प्रत्येक फेरीला एक पत्ता उघडायचा आणि पाणी तितकी घरे वर चढवायचे. पूल बुडण्यापूर्वी सर्वांनी मिळून वस्तीतील प्रत्येक सोंगटी शाळेत पोहोचवायची. एक जरी मागे राहिली, तरी सगळेच हरले. आधी कोणाला न्यायचे? आजारी आजीला की धावू शकणाऱ्या मुलाला? हे एकमेकांशी बोलूनच ठरवावे लागेल. दोन-चार डाव खेळून नियम तपासा. प्रत्येक वेळी सहज जिंकलात, तर पावसाचे पत्ते वाढवा.

महाग यंत्र नसले, वीज गेली, तरी हा खेळ थांबत नाही. त्याला लागतात फक्त पुठ्ठा, दिव्याचा उजेड आणि शब्दाला जागणारे सोबती.

शब्दार्थ : प्रांगण – अंगण, दान – फासे टाकल्यावर पडलेला आकडा, पाळी – खेळण्याची आपली वेळ, दगावणे – मरण पावणे, शब्दाला जागणे – दिलेले वचन पाळणे.

स्वाध्याय
१. पटावरच्या पॅकमॅनमध्ये भुते कोण चालवतो?
२. संगणकाचे कोणते काम पटावर खेळाडूंना करावे लागते? का?
३. ‘एक जरी मागे राहिली, तरी सगळेच हरले’ हा नियम तुम्हांला योग्य वाटतो का? चार-पाच वाक्ये लिहा.