पोटाची तक्रार, इंद्रियांचे कारण

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगड हे महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी ओळखले जाते. डोंगरावरील महादेवाच्या दर्शनाला आणि तेथील दर्ग्यावर माथा टेकवायला दूरदूरची माणसे येतात. घरातील ज्येष्ठ व्यक्तीने एखाद्या वर्षी ‘पोट बरे नाही’ म्हणून यात्रेला येण्याचे टाळले, तर तो विषय तेवढ्यावर सोडू नका. उतारवयातील पोटाच्या तक्रारीचे मूळ कधी कधी मंदावलेल्या नजरेत, कानांत आणि जिभेवरच्या चवीत दडलेले असते.

ही साखळी कशी जुळते ते पाहा. मोतीबिंदूमुळे अंधुक दिसू लागले की रात्री अंगणापलीकडच्या शौचालयापर्यंत जाण्याची धास्ती वाटते. पडू नये म्हणून आजी संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. वयपरत्वे तहानेची जाणीव आधीच कमी झालेली असते. पाणी कमी पडले की मळ कोरडा व कठीण होतो, पोट जड राहते, भूक मरते आणि ताटातला भात तसाच उरतो. घरचे म्हणतात, ‘वय झाले, आता जेवण कमीच जाणार.’ खरे कारण मात्र अंगणातला न लावलेला दिवा असते!

चव आणि गंध मंदावल्याचे परिणामही असेच आडवळणाने येतात. जेवण बेचव लागते म्हणून मीठ वाढते, ते रक्तदाबाला बाधते. आंबलेल्या शिळ्या भाताचा वास न आल्याने तो खाल्ला जातो आणि जुलाब होतात. दात नसल्याने भाजी, फळे सुटतात व नुसत्या वरण-भातावर भागवले जाते. त्यात चोथा फारसा नसतो.

परिचारिका काय पाहते?

प्रशिक्षित परिचारिका प्रथम रुग्णाला ऐकू येते ना, याची खात्री करते. कमी ऐकू येणारे ज्येष्ठ संकोचापोटी प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतात. ‘पोट साफ होते का?’ असे न विचारता ‘शेवटचे केव्हा झाले? कसे झाले? कुंथावे लागले का?’ असे विचारल्यास खरे उत्तर मिळते. मळाचे वर्णन करणे अवघड वाटत असेल, तर ब्रिस्टल तक्त्यातील सात चित्रांपैकी एकावर बोट ठेवले तरी पुरते. लेंड्यांसारखा सुटा, कठीण मळ पहिल्या प्रकारात मोडतो.

त्यानंतर पोटाची तपासणी. आधी पाहणे, मग स्टेथोस्कोपने ऐकणे आणि शेवटी दाबणे, हा क्रम ठरलेला आहे. कारण आधी दाबल्यास आतड्यांचे आवाज बदलू शकतात. तोंड, दात, कानातला मळ, चष्मा आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या यांचीही नोंद होते. लोहाच्या तसेच काही वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठता होऊ शकते.

एक फसवे लक्षण ध्यानात असू द्या. बरेच दिवस शौचाला झाले नसताना अचानक पातळ गळू लागले, तर ते जुलाबच असतील असे नाही. अडकलेल्या कठीण मळाच्या कडेने पातळ मळ झिरपत असतो. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी दिल्यास त्रास वाढतो.

घरी काय करावे?

शौचालयाच्या वाटेवर दिवा लावा, भिंतीला धरायला दांडी बसवा. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार नसल्यास दिवसभर थोडे थोडे पाणी, ताक, कढण स्वतःहून पुढे करा. सकाळच्या न्याहारीनंतर आतड्यांची हालचाल वाढते. तीच वेळ शौचासाठी राखा आणि घाई करू नका. आंबाडी, चवळीसारखी पालेभाजी मऊ शिजवून द्या, जवसाची चटणी बारीक कुटा. ईसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्यावे. कमी पाण्यात ते घशात वा आतड्यात अडकू शकते. चव आणण्यासाठी मिठाऐवजी लिंबू, जिरे, कोथिंबीर वापरा. खर्रा सुटला तर तोंडाचे आरोग्य सुधारेल, चवही परतू लागेल.

बोलताना समोर, उजेडात बसा. ओरडू नका; उतारवयात आधी उंच पट्टीचे स्वर ऐकू येईनासे होतात, म्हणून खालच्या पट्टीत, सावकाश बोला.

विलंब नको

मळात रक्त, डांबरासारखा काळा मळ, पोट फुगून वारा न सरणे, सतत ओकाऱ्या, कारणाविना घटणारे वजन किंवा शौचाच्या सवयीत नव्याने झालेला बदल दिसल्यास डॉक्टरांना दाखवा. यांतील रक्तस्राव, पोटफुगी आणि सतत ओकाऱ्यांसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ओकाऱ्यांबरोबर डोळा लाल होऊन दुखत असेल, दिव्याभोवती वलये दिसत असतील, तर ते पित्त समजू नका. काचबिंदूचा तो तीव्र झटका असू शकतो आणि काही तासांच्या उशिरानेही दृष्टी कायमची जाऊ शकते.

आशाताईंना घरी बोलवा, उपकेंद्रात नजर व कान तपासण्याविषयी विचारा. ज्येष्ठांसाठीच्या 14567 या राष्ट्रीय मदतवाहिनीवरही मार्गदर्शन मिळते. आज संध्याकाळी मात्र एवढे अवश्य करा: घरातील ज्येष्ठांनी दिवसभरात किती पाणी प्यायले ते विचारा, आणि कमी प्यायले असेल, तर का, तेही विचारा.