साडेसोळा ते साडेएकोणीस

पुण्याजवळ खडकवासल्याच्या एन.डी.ए.मध्ये २०२२ पासून मुलीही शिकतात. त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली.

त्यासाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या वेबसाइटवर वर्षातून दोनदा अर्ज निघतो. मुलींना परीक्षा फी नाही. प्रवेशावेळी वय साडेसोळा ते साडेएकोणीस हवं. मुलगी बारावी पास किंवा बारावीत असावी, आणि अविवाहित.

लष्करासाठी कोणतीही शाखा चालते; हवाई दल, नौदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतंच. पण लेखी परीक्षेत गणित सगळ्यांनाच असतं. म्हणून दहावीनंतर गणित सोडू देऊ नका. लेखीनंतर मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी. प्रशिक्षणाचा खर्च सरकारचा.

मुलीला अठरावं सरलं की स्थळं येतात. तेव्हा घरात ठामपणे सांगा, "अजून दीड वर्ष तिचं आहे."