ज्यांच्यावर छापा पडला

५ एप्रिल १६६३ च्या रात्री पुण्याच्या लाल महालात काय घडले, ते मराठी वाचकाला नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. शास्ताखानाची तुटलेली बोटे आणि त्या रात्रीचा अंधार ही आपल्या बालपणाचीच मिळकत आहे. परंतु खाफीखानाच्या ‘मुन्तखब-उल-लुबाब’ या ग्रंथातला त्या रात्रीचा वृत्तांत वाचनात आला, तेव्हापासून माझे मन खानाच्या बोटांपाशी न थांबता मुदपाकखान्यात घुटमळत राहिले आहे. रमजानचा महिना होता. पहाटेपूर्वीच्या भोजनाच्या सिद्धतेसाठी काही आचारी जागे होते. छापा घालणारे त्याच वाटेने आत शिरले आणि आरडाओरड होण्यापूर्वी त्यांनी त्या आचाऱ्यांना ठार केले. पुढे चौकीवर जो हाती लागला, तो जागा असो की निजलेला, कापला गेला. आणि कापणारे, पहारा असाच करतात काय, अशा अर्थाचे टोमणे मारीत होते, असे खाफीखान लिहितो. तो मोगलांचा चाकर, मराठ्यांविषयीचा त्याचा आकस ओळीओळीतून डोकावतो, हे सर्व मान्य केले तरी आचाऱ्यांची बाब त्याने पदरची रचली असावी, असे मला वाटत नाही. खोटे रचणारा माणूस सरदार मेल्याचे रचतो, आचारी मेल्याचे रचीत नाही.

छाप्याकडे आपण नेहमी छापा घालणाराच्या खांद्यावरून पाहत आलो आहोत. संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाण यांनी बादशहाच्या छावणीत घुसून डेऱ्याचे तणावे तोडले, सोन्याचे कळस कापून आणले, आणि औरंगजेब त्या रात्री मुलीच्या डेऱ्यात असल्यामुळे वाचला, ही बखरीतली कथा सांगताना आपला आवाज आपसूक चढतो. पण तणावे तुटून कोसळलेल्या त्या डेऱ्याखाली जी माणसे चिरडली, ती कोण होती, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. मलाही पुष्कळ वर्षे सुचले नव्हते. संताजीविषयीचा माझा आदर आजही तिळभर उणावलेला नाही. केवळ छावणीच्या आतल्या बाजूने कोणी लिहिले आहे काय, हे शोधण्याचा नाद मला लागला.

शोध घरापासूनच सुरू झाला. आमच्या देवगाव रंगारीहून खुलताबाद काही दूर नाही, आणि ज्या बादशहाची हयातीची अखेरची पंचवीस वर्षे दक्षिणेतल्या छावण्यांत गेली, तो तिथेच जैनुद्दीन शिराझीच्या दर्ग्याच्या आवारात उघड्या कबरीत निजला आहे. त्याच्या लष्करात भीमसेन सक्सेना नावाचा एक कायस्थ लेखनिक होता. जन्म बुऱ्हाणपूरचा, घर औरंगाबादेत. त्याचा ‘तारीख-इ-दिलकुशा’ हा ग्रंथ मोगल छावणीचा आतून लिहिलेला अहवाल आहे. त्यात महागाई आहे, चिखल आहे, घरच्या ओढीने कंटाळलेले लष्कर आहे. विजयाची वर्णने दरबारी इतिहासकारांना लखलाभ असोत; हजेरीपटावरच्या माणसाचे ओझे कारकुनालाच ठाऊक असते. तथापि भीमसेनाच्या ग्रंथातही मेलेल्या पहारेकऱ्यांची नावे नाहीत, आणि तिथून माझा शोध एकदम तीनशेहून अधिक वर्षे ओलांडून एका वर्तमानपत्री फेरिस्तेपाशी येऊन थांबला.

१८ सप्टेंबर २०१६, रविवार. झेलमच्या काठी, नियंत्रणरेषेला लागून असलेल्या उरी येथील ब्रिगेडच्या तळावर पहाटे साडेपाचच्या सुमारास चार हल्लेखोर शिरले. १० डोग्रा ही पलटण तळ सोडून चालली होती आणि ६ बिहार ही तिची जागा घेत होती. माणसे तंबूंत आणि तात्पुरत्या निवाऱ्यांत होती, इंधनाचा साठा जवळच होता, आणि हातगोळ्यांनी पेटलेली आग एका तंबूवरून दुसऱ्यावर गेली. त्या दिवशी सतरा जवान गेले, त्यांतले बहुतेक आगीने. पुढे इस्पितळात आणखी काही दगावल्याने आकडा वाढला. पठाणकोटच्या हवाई तळावरील हल्ल्यानंतर लष्करी ठाण्यांच्या सुरक्षिततेचा विचार करण्यासाठी लेफ्टनंट जनरल फिलिप कॅम्पोज यांची समिती नेमली गेली होती, आणि तिचा अहवाल उरीच्या चार महिने आधीच सरकारदरबारी रुजू झाला होता. कुठेतरी काही चुकले असले पाहिजे, अशी कबुली संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनीही दिली. अहवालांचे पुढे काय होते, हा निराळ्या लेखाचा विषय आहे, आणि फारसा रंजक नाही.

माझे लक्ष गुंतले ते लष्कराने प्रसिद्ध केलेल्या मृतांच्या यादीत. त्या यादीत महाराष्ट्राचे चौघे होते, ते असे: लान्स नायक जी. शंकर, गाव जाशी, तालुका माण, जिल्हा सातारा, शिपाई टी. एस. सोमनाथ, गाव खडांगळी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. शिपाई उईके जानराव, नांदगाव खंडेश्वर, जिल्हा अमरावती. आणि शिपाई के. विकास जनार्दन, गाव पुरड, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ. माण तालुक्यात कोणी जी. शंकर असेल, यावर विश्वास बसेना. मद्रासकडचा एखादा गृहस्थ जाशीला कधी येऊन राहिला, असेच प्रथम कोणालाही वाटावे. दुसऱ्या दिवशीच्या मराठी पत्रांतून उलगडा झाला. जाशीचे जवान होते चंद्रकांत शंकर गलांडे. खडांगळीचे संदीप सोमनाथ ठोक. नांदगावचे विकास जानराव उईके. पुरडचे विकास जनार्दन कुळमेथे.

दोन्ही याद्या शेजारी मांडून मी पुष्कळ वेळ रुजुवात करीत बसलो. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव प्रथम, मग स्वतःचे नाव, शेवटी वडिलांचे नाव अशी रीत आहे: ठोक संदीप सोमनाथ. ज्या कारकुनाच्या प्रांतात शेवटचे नाव हेच मुख्य मानले जाते, त्याने सोमनाथ जसेच्या तसे ठेवले आणि पुढच्या दोहोंची आद्याक्षरे केली, झाले टी. एस. सोमनाथ. हा माझा तर्क आहे. पण चारही नावे थोड्याफार फरकाने त्यात बसतात. परिणाम मात्र असा झाला की, संदीपच्या मृत्यूची वर्दी त्याच्या वडिलांच्या नावाने छापली गेली, आणि चंद्रकांत तर यादीत कुठेच नव्हता, नुसता शंकर होता, जो वस्तुतः त्याचा पिता. चंद्रकांतचे दोन भाऊही लष्करातच होते. त्या फेरिस्तेच्या पद्धतीने तिघे भाऊ तीन ‘शंकर’च झाले असते. आणखी एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. एकाच पलटणीत, एकाच पहाटेच्या हल्ल्यात, विदर्भातले दोन विकास पडले होते. एक त्याच दिवशी, दुसरा जखमी होऊन नंतर इस्पितळात. आणि यादीने त्यांतल्या एकाचे ‘विकास’ राखले, दुसऱ्याचे गाळले.

दहा आठवड्यांनी, २९ नोव्हेंबर २०१६ रोजी, जम्मूजवळ नगरोटा येथे तोफखान्याच्या तळावर पोलिसी गणवेशातले हल्लेखोर शिरले. सात जण गेले. त्यांत पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी होते आणि आमच्या मराठवाड्याचे, लोहा तालुक्यातल्या जानापुरीचे, लान्स नायक संभाजी यशवंतराव कदम होते. या खेपेस आडनाव वाचले, पण इंग्रजी बातम्यांतून यशवंतरावांचे ‘येशवंत्रो’ झाले.

नावांच्या या हेळसांडीला जुनी परंपरा आहे. पहिल्या महायुद्धानंतर साताऱ्याकडे आणि कोकणात सरकारने गावोगाव संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके इसम महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके मरण पावले, एवढाच त्यांवरचा मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून गेलेल्यांपैकी सेहेचाळीस परतले नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. पण गावोगावच्या पाट्यांचा साचा आकड्यापाशीच थांबतो. त्यापेक्षा शंभर वर्षे जुना कोरेगाव भीमाचा स्तंभ अधिक उदार म्हटला पाहिजे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईतले कंपनीचे एकोणपन्नास शिपाई त्यावर नावानिशी कोरलेले आहेत. इंग्रज लेखनिकाने नावांची ओढाताण केली, तरी ‘नाक’ हा प्रत्यय टिकला, आणि त्यावरूनच त्यांतले बावीस जण महार होते हे पुढच्या पिढ्यांना कळले. महारांची भरती सरकारने बंद केल्यावर शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्याकडे अर्ज केला, तोही पूर्वजांच्या लष्करी चाकरीचा दाखला देऊनच. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले, त्यामागेही हीच कोरीव साक्ष उभी होती. नुसता आकडा कोरला असता तर ती साक्ष कोणी आणि कशी काढली असती?

देवगाव रंगारीत माजी सैनिकांची बैठक बहुधा बसस्थानकाजवळच्या चहाच्या दुकानात भरते. तिथे मी त्या दोन याद्या घेऊन गेलो. पायदळातून निवृत्त झालेले एक सुभेदार आणि तोफखान्यातले एक हवालदार, दोघेही काश्मीरची चाकरी करून आलेले. यादी पाहून दोघांनाही नवल वाटले नाही. पलटणीत एकाच नावाचे दोघे असले की क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे जोडून हाक मारतात, हे त्यांनी मला समजावले. हवालदारांच्या बॅटरीतला त्यांचा एक मित्र अशाच एका तळावर, उरीच्या पुष्कळ आधी, गेला होता. त्याचे आडनाव आठवायला त्यांना क्षणभर वेळ लागला, पण आकडे जिभेवर होते. “बत्तीस,” ते म्हणाले, “बत्तीसचा मग माझ्याकडे राहिला होता. निळा, कानाशी टवका उडालेला. घरच्यांना पाठवायच्या सामानात तो घालायचा राहून गेला.” त्या मित्राच्या मृत्यूविषयी मात्र त्यांचे निवेदन दोन वाक्यांत आटोपले. बत्तीस लंगरातून चोरून आणलेल्या कांद्यावर मीठ कसे लावीत असे, पत्र लिहिताना जीभ कशी बाहेर काढीत असे, यावर ते चहा थंड होईपर्यंत बोलत राहिले. वीरश्रीच्या भाषेची त्यांना गरजच पडली नाही. आमच्याकडचे सभेतले वक्ते ‘धारातीर्थी’ हा शब्द ज्या सढळ हाताने वापरतात, तो या दुकानात कोणाच्याही तोंडून ऐकू आला नाही.

पण ‘झोपेत मारले गेले’ असे मी सहज बोलून गेलो, तेव्हा सुभेदारसाहेब ताडकन सरळ बसले. “गुरुजी, असं म्हणू नका. रिलीफ चालू होता तिथं. दोन पलटणींची माणसं, आणि जागा एकीचीच. जुन्या पलटणीच्या बराकी रिकाम्या होईस्तोवर नवी तंबूतच राहणार. कोतातली हत्यारं मोजायची, दारूगोळा मोजायचा, लंगराची भांडीसुद्धा मोजून चार्ज घ्यायचा. जुनी पलटण मनानं घरी पोचलेली असते, नव्याला नाले-ओढे ठाऊक नसतात. छापा घालणारा तीच वेळ बघतो.” सरकारी खुलाशांतून आणि चर्चांच्या गदारोळातून मला जे नीट कळले नव्हते, ते त्यांनी अर्ध्या पेल्यात सांगून टाकले.

उरीच्या हल्ल्यानंतर अकराव्या दिवशी, २९ सप्टेंबरला, लष्कराने नियंत्रणरेषेपलीकडच्या कारवाईची घोषणा केली. २०१९ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. आणि आता ‘उरी’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आपला छापा उभा राहतो, जळालेले तंबू नव्हेत. हे मला खटकते, आणि लाल महालाच्या आचाऱ्यांपासून चालत आलेल्या आपल्या खोडीचेच हे ताजे रूप आहे, असे माझे मत मी त्या दोघांपुढे काहीशा तावातावाने मांडले. ते त्यांना मुळीच पटले नाही. सुभेदारांनी तो चित्रपट दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा त्यांना तो आवडला होता. छापा हा छापाच असतो, आपण घातला तर उत्तमच घातला पाहिजे, आणि लाल महालाच्या पहारेकऱ्यांविषयी हळहळायचे असेल तर प्रथम त्यांच्या पहारा-सुभेदाराला विचारावे, असे त्यांचे म्हणणे पडले. हवालदारांना हे कठोर वाटले. निजलेल्या पहारेकऱ्यामागे सुद्धा कोणीतरी त्याची जागा घ्यायला वेळेवर आलेला नसतो, असे ते म्हणाले, आणि दोघांची चांगलीच जुंपली. त्यांच्या पलटणींतले जुने हिशेबही त्यात निघाले असावेत. कारण मध्येच एका गोदामाच्या किल्लीवरून बोलणे सुरू झाले, ज्याचा माझ्याशी अथवा शास्ताखानाशी काही संबंध नव्हता.

शेवटी सुभेदारांनी मलाच हटकले, की त्या रात्री मराठे पुण्याच्या छावणीत शिरले कसे. जदुनाथ सरकारांनी दिलेली हकिकत मी सांगितली: चौकीवर हटकल्यावर त्यांनी, आपण बादशाही फौजेतलेच दक्षिणी शिपाई असून नेमून दिलेल्या जागी चौकीला चाललो आहोत, असे उत्तर दिले, आणि त्यांना आत सोडण्यात आले. सुभेदारांनी हवालदारांकडे पाहिले. “बघा, पहारा बदलायचीच वेळ सांगितली,” ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, त्या चौकीवाल्यांनी परवलीचा शब्द विचारला होता की नव्हता, हे तुमच्या पुस्तकांत कुठे दिले आहे काय.