करडईच्या तेलाची प्रकाशपरीक्षा

सोलापूर जिल्ह्यातील भारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर रब्बी हंगामात करडई उभी राहते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे करडई-संशोधन सोलापुरातच चालते. भीमा व एस. एस. एफ. ७०८ हे वाण तेथूनच पुढे आले. या पिकाचे मोल तेलात आहे. परंतु ते तेल कोणत्या जातीचे, हे दाणा पाहून जाणकारासही सांगता येत नाही.

नेहमीच्या करडई-तेलात सुमारे ७० ते ७८ टक्के लिनोलिक आम्ल असते. काही वाणांत त्याऐवजी ओलिक आम्ल ७० टक्क्यांहून अधिक असते. दोन्ही असंपृक्तच; मात्र लिनोलिक आम्लाच्या रेणूत दुहेरी बंध दोन, तर ओलिकच्या रेणूत एकच. म्हणून पहिले तेल हवा लागून लवकर खवट होते. दुसरे तळणास व साठवणीस अधिक टिकते.

तेल जितके असंपृक्त, तितके ते आयोडीन अधिक शोषते, ही परीक्षेची जुनी रीत. नेहमीच्या करडई-तेलाचे आयोडीन मूल्य १३५ ते १४८ असते. परंतु त्यासाठी दाणा दळून तेल काढावे लागते आणि मग तो पेरता येत नाही. निवड करणाऱ्यास हीच मोठी अडचण.

ती प्रकाशाने दूर होते. यंत्रातून मूठभर दाण्यांवर डोळ्यांस न दिसणारे निकट-अवरक्त किरण सोडतात. दुहेरी बंधालगतचे हायड्रोजन अणू त्यांतील ठरावीक लांबीच्या लहरी शोषून घेतात. परतलेल्या प्रकाशात त्या लहरी किती उणावल्या, यावरून असंपृक्त आम्लांचे प्रमाण मिनिटभरात काढता येते आणि बी पेरणीयोग्य राहते. मात्र प्रयोगशाळेत तपासलेल्या पुष्कळ नमुन्यांशी ताडून घेतल्यावाचून यंत्राचा आकडा विश्वसनीय नसतो.

नमुनाही खरा हवा. दाणे नीट वाळवून व निवडून घ्यावेत. एकाच पोत्याच्या तोंडचे दाणे न घेता अनेक पोत्यांतून, वरून, मधून व तळातून घेऊन एकत्र मिसळावेत.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. शेजारच्या नेहमीच्या करडईचा पराग मधमाश्यांनी आणल्यास ओलिक वाणाच्या त्याच दाण्यातील तेल पालटू शकते. सबब बियाण्याचे शेत इतर करडईपासून दूर ठेवावे आणि खळे व पोती वेगळी राखावीत. शेतात झालेली भेसळ यंत्र दाखवू शकते; निवारणे मात्र शेतकऱ्याच्याच हाती आहे.