हृदयाची तहान

डॉ. नीतू मांडके हे मुंबईचे नामवंत हृदयशल्यविशारद. अनेक रुग्णांची हृदये त्यांनी दुरुस्त केली. मे 2003 मध्ये, वयाच्या 55 व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्यानेच त्यांचे निधन झाले. हृदय इतके जवळून जाणणाऱ्यालाही गाठणारा हा झटका म्हणजे नेमके काय?

हृदय हा सुमारे 300 ग्रॅम वजनाचा स्नायूंचा पंप. दिवसाकाठी तो जवळजवळ 1 लाख वेळा आकुंचन पावतो. त्याचे कप्पे रक्ताने भरलेले असतात. पण जाड भिंतीतील पेशींना ते रक्त थेट मिळत नाही. त्यांच्यासाठी महारोहिणीपासून दोन स्वतंत्र नळ्या निघतात. त्या हृद्‌रोहिण्या. त्यांचा व्यास अवघा 3-4 मिलिमीटर! त्यांच्या आत वर्षानुवर्षे चरबीयुक्त थर साचतो. एखाद्या दिवशी तो फाटतो, तेथे रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते.

शरीर रक्तातील सरासरी पाव भाग प्राणवायू वापरते. हृदयाचा स्नायू मात्र विश्रांतीतही सुमारे 70 टक्के काढून घेतो. अडचणीच्या वेळी अधिक घ्यायला फारसे शिल्लकच नसते.

आता आपल्या रत्नागिरीकडचे पोफळीचे आगर आठवा. पाट अडला की शेवटच्या पोफळीचे पाणी प्रथम तुटते. हृद्‌रोहिण्या हृदयाच्या बाहेरील पृष्ठभागावरून जातात व त्यांच्या शाखा आत शिरतात. म्हणजे भिंतीचा सर्वांत आतला थर पाटाच्या टोकाला! रक्त थांबताच मिनिटाभरात स्नायू आकुंचन पावेनासा होतो, पण मरत नाही. 20 ते 30 मिनिटांनंतर आतल्या पेशी मरू लागतात आणि काही तासांत हे मरण बाहेरच्या थरांकडे पसरते. मेलेल्या स्नायूच्या जागी पुढे व्रण तयार होतो. तो भिंत सांधतो, पण आकुंचन पावत नाही. कातडी भरून येते, तसा हा स्नायू भरून येत नाही.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन किंवा नळीत फुगा फुगवून वाट वेळेवर मोकळी केली, तर उरलेला स्नायू वाचतो.

आपल्या वाड्यांतून पाखाडी उतरून दवाखाना गाठायलाच वेळ लागतो. त्यात "वात असेल, सोडा घेतो," म्हणत तासभर घालवला तर? घरात कोणाला छातीवर दडपण, हाताकडे वा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम असे झाले, तर त्यांना चालवू नका. लगेच 108 क्रमांकाला फोन करा. आणि दुखणे किती वाजता सुरू झाले, ते कागदावर लिहून ठेवा. डॉक्टर ते विचारतीलच.